विषय: भाच्याचा लेझीमचा ठेका चुकतो, कुणी मार्ग सांगेल का?

मंडळी, नमस्कार.

माझा भाचा आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. त्याला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही) आणि ऑटिझम (स्वमग्नता) दोन्ही असल्याचं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. २६ जानेवारीच्या लेझीमच्या रांगेतून त्याला बाहेर काढलं. "पोट्टं मुद्दाम ठेका चुकवते," असं ताईला ऐकावं लागलं. तेव्हापासून लेझीम गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली आहे. तो रोज जातो, एकदा हलवून बघतो आणि परत येतो. व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि रात्रभर डोळा लागला नाही.

गुरुजींनी आधी खटपट केली होती, हेही सांगायला हवं. त्याच्यासाठी ढोल अगदी सावकाश वाजवून पाहिला. त्यानं उलट जास्तच बिघडलं. असं का व्हावं?

आर्वीकडची मावशी

---

ताई,

माझं माहेर दर्यापूरचं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून मदत करते; अशी लेकरं रोज भेटतात. तो मुद्दाम करत नाही, हे आधी घरच्यांना सांगा.

ठेका धरायला दोन गोष्टी लागतात. पुढचा ठोका कधी पडेल याचा मनातला अंदाज, आणि त्या क्षणाला हात पोचवणं. आतलं घड्याळ किती डगमगतं आणि हात किती, हे वेगवेगळं कसं काढायचं ते विंग आणि क्रिस्टॉफरसन या संशोधकांनी १९७३ साली मांडलं. मुलाला आवाजाबरोबर बोटानं टकटक करायला लावायची, मग आवाज बंद करून तसंच चालू ठेवायला सांगायचं. एडीएचडीच्या मुलांची टकटक त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा जास्त वरखाली होते. एक ठोका आधी पडतो, दुसरा रेंगाळतो.

आता गुरुजींच्या ढोलाचं. आपल्याला वाटतं सावकाश म्हणजे सोपं. ठेक्याच्या बाबतीत तसं नसतं. दोन ठोक्यांमधली जागा वाढली की तेवढा वेळ मनात धरून ठेवावा लागतो, आणि या मुलांना वाट पाहणंच सगळ्यात जड जातं. लहान मुलांचा मनाजोगता ठेका मोठ्यांपेक्षा जलद असतो. तो आपणहून ज्या चालीनं ताट वाजवतो, तीच चाल धरा.

शिवाय ऑटिझममुळे चाळीस लेझीमींचा खणखणाट त्याला सोसत नसेल. रांगेच्या टोकाला, ढोल दिसेल असा उभा करा.

कागदपत्रांचंही बघा. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत ऑटिझम आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. प्रमाणपत्र ऑटिझमवरच मागा. निदानाच्या कागदावर मात्र दोन्ही नावं हवीत. २०१३ पर्यंत अमेरिकेच्या निकषांत ही दोन निदानं एकत्र देताच येत नव्हती, त्यामुळे अजूनही कुठे कुठे एकच लिहितात.

दर्यापूरची

---

ताई, काय सांगू!

आमचे आबाजी गुरुदेव भजनात खंजिरी वाजवणारे. त्यांना तुमची मेल वाचून दाखवली. रविवारी ओसरीवर बसले, भाच्याच्या पुढ्यात पाट ठेवला आणि म्हणाले, "तू वाजव, मी तुह्या मागं येतो." आधी त्याची चाल, मग त्यावर खंजिरी. मी इकडे श्वास धरून बघत होते. काही वेळानं आबाजींनी हात थांबवला. तो एकटाच पाच ठोके बरोबर वाजवत राहिला. सहावा घसरला, तसा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "काऊन थांबले आबाजी? वाजवा ना."

लेझीम आता खुंटीवर नाही, खाटेखाली आहे. गुरुजी १५ ऑगस्टला त्याला ढोलाजवळ उभं करायला तयार झालेत.

मंडळी, जुलैअखेर नागपूरला कोण जातंय? कान झाकायचे हेडफोन पाठवायचे आहेत, लहान मुलाच्या मापाचे. पुडकं अगदी हलकं आहे. नागपूरहून भाऊजी येऊन घेऊन जातील.

आर्वीकडची मावशी