मदत हवी आहे: बापाची माफी आणि क्रूसावरचे रक्त

नमस्कार मंडळी. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यापाशी अडले आहे. येशूने सांगितलेल्या या बोधकथेत बापाची संपत्ती उधळलेला मुलगा घरी परततो. मुलगा अजून दूर आहे तोच बाप धावत सुटतो, त्याला मिठी मारतो. मुलाने मनात घोकून आणलेले बोलणे पुरते ऐकूनही घेत नाही. तिथे ना यज्ञ, ना रक्त. आणि बायबलमधलेच इब्री लोकांस पत्र (9:22) म्हणते, रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही. हे दोन्ही एकत्र कसे धरायचे?

अकराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित अँसेल्मने येशूच्या क्रूसावरच्या मरणाला, माणसाच्या पापाने झालेल्या देवाच्या अवमानाची भरपाई मानले. त्याच्यानंतरच्या आबेलार या धर्मपंडिताला त्यात देवाचे प्रेम दिसले, आणि मलाही तेच जवळचे वाटते. पण मग मार्कच्या शुभवर्तमानात (10:45) येशू पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आलो म्हणतो, ती खंडणी कोणाला दिली? कुणी समजावून सांगेल का? फार दिवस मनात घोळतंय.