‘सरनोबत’ की ‘सरसेनापती’?

प्रश्न : शिवकाळावरच्या चित्रपट-मालिकांत नेताजी पालकर, प्रतापराव गुजर आणि हंबीरराव मोहिते या तिघांनाही सरसकट ‘सरसेनापती’ म्हणतात. पुस्तकांत मात्र ‘सरनोबत’ वाचायला मिळतं. दोन्ही एकच का?

उत्तर : काम बरंचसं तेच, काळ वेगळा. सरनोबत हा फारसी वळणाचा शब्द : ‘सर’ म्हणजे प्रमुख, ‘नौबत’ म्हणजे नगारा आणि पहाऱ्याची पाळीसुद्धा. सुलतानी राजवटींतलं हे पदनाम स्वराज्यातही चाललं. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांना संस्कृत नावं मिळाली. हिशेब पाहणाऱ्या मुजुमदाराचा अमात्य झाला, पत्रव्यवहार पाहणाऱ्या सुरनिसाचा सचिव, परराज्यांचे व्यवहार पाहणाऱ्या डबीराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा रघुनाथपंत हणमंत्यांचा राजव्यवहारकोश याच प्रयत्नातला. प्रतापराव नेसरीला पडले ते त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे राज्याभिषेकाआधी. तेव्हा ते सरनोबतच. अष्टप्रधानातले सेनापती हंबीरराव.

दुसरं उत्तर : ‘सरसेनापती’त फारसी ‘सर’ आणि संस्कृत ‘सेनापती’ एकत्र आलेत. असे जोडशब्द मराठीत पुष्कळ, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती वेगळ्याच गोष्टीला : या शब्दानं सगळं लष्कर एका माणसाच्या हाताखाली असल्याचं चित्र उभं राहतं. घोडदळाचा सरनोबत वेगळा, पायदळाचा वेगळा. येसाजी कंक पायदळाचे. शिवाय प्रत्येक गडावर हवालदार (गडाचा कारभारी) आणि सबनीस (हिशेब-दप्तर पाहणारा) यांच्या जोडीला गडाचा सरनोबत असेच. पडद्यावर हे तिघं फारसे दिसतच नाहीत.

उपप्रश्न : ‘हजारी’ म्हणजे हजार स्वारच ना?

उत्तर : नाही. सभासद बखरीतला हिशेब असा : २५ बारगीरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी. गुणाकार केला तर १२५० स्वार होतात. ५ हजारींवर पंचहजारी आणि त्यांच्यावर सरनोबत. नावावरून आकडा धरून संवाद लिहिले की फौजेचा अंदाज चुकतो.

उपप्रश्न : प्रेक्षकाला ‘सरनोबत’ कळेल?

उत्तर : नक्की कळेल. पहिल्याच प्रसंगात हुद्दा आणि काम एकत्र आणा : “सरनोबत, घोडदळ कुठवर आलं?” अर्थ तिथेच लागतो. १६५९ च्या प्रतापगडावर ‘सेनापती’ आणि ‘अमात्य’ बोलायला लावू नका. ‘छत्रपती’चंही तसंच. राज्याभिषेकाआधीच्या प्रसंगात ‘महाराज’ किंवा ‘राजे’ पुरतं, आणि ‘छत्रपती’ कोरलेलं शिवराई नाणं तर तिथे दाखवूच नये.