चिमुरेंगा: आधी वाचावं की आधी ऐकावं?

पानगळ: आमच्या वाचनगटात यंदा आफ्रिकेतलं आजचं लेखन वाचायचं ठरलंय. केपटाउनच्या ‘चिमुरेंगा’ या नियतकालिकाचे दोन-तीन अंक एकीने मिळवले. त्यात कथा-कवितांइतकीच गाण्याबजावण्याची चर्चा. ती गाणी कानावर नसताना लेख वाचून हाती काय लागणार? सुरुवात कुठून करू?

हरारेची_पाहुणी: आधी ऐका, ताई. शोना भाषेत चिमुरेंगा म्हणजे लढा. ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, गोऱ्यांची राजवट असताना गायक थॉमस मापफुमो यांनी म्बिरा या वाद्याच्या चाली गिटारवर घेतल्या, शोनातून गायले, आणि त्या गाण्यालाही हेच नाव पडलं. १९७९ मध्ये त्यांना विनाखटला डांबलंही होतं.

मी हरारेला तीन वर्षं होते, तेव्हा म्बिरा शिकायला जायचे. लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या. दोन अंगठे आणि उजवी तर्जनी, एवढ्यावर वादन. वाद्य मोठ्या भोपळ्यात बसवतात आणि भोपळ्याच्या कडेला बाटल्यांची पत्र्याची बुचं ओवलेली असतात. प्रत्येक सुरामागे ती झणझणतात. मला वाटलं, बुचं सैल झालीत. मी त्यांच्यावर तळहात दाबून धरला. गुरुजी वाजवायचे थांबले, माझा हात अलगद बाजूला केला आणि तीच चाल पहिल्यापासून वाजवली. घरी परतताना लख्ख उमगलं: अहो, ही तर जवारी, तंबोऱ्याच्या सुरातली ती झणकार! तंबोऱ्याच्या घोडीवरचा दोरा काढला तर काय उरेल? तसंच हे.

बोरूबहाद्दर: नैरोबीचं ‘क्वानी?’ हे नियतकालिकही मिळवा. केनियाचे लेखक बिन्यावांगा वायनायना यांना २००२ साली आफ्रिकी कथेसाठीचं केन पारितोषिक मिळालं, लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या पुढाकाराने हे सुरू झालं. नैरोबीच्या रस्त्यावरची ‘शेंग’ ही स्वाहिली-इंग्रजी मिसळलेली बोली त्यांनी बेधडक छापली. आपल्याकडची साठच्या दशकातली बंडखोर लघुअनियतकालिकं ज्यांनी वाचलीत त्यांना हा दांडगेपणा ओळखीचा वाटेल.

हरारेची_पाहुणी: अगदी! आणि ‘चिमुरेंगा’ काढणारे न्टोने एजाबे मूळचे कॅमेरूनचे, स्वतः डीजे. २००८ पासून त्यांचा ‘पॅन आफ्रिकन स्पेस स्टेशन’ हा इंटरनेट रेडिओही आहे. त्या अंकांत गाणं पुरवणीसारखं येत नाही ते यामुळेच, असं मला वाटतं.

पानगळ: मग रविवारी अंक बाजूला ठेवून म्बिराच ऐकवते. फोनवर लावलं तर चालेल ना?

हरारेची_पाहुणी: फोनवर नको. झणझण तेवढी खरखर वाटेल आणि खालचे सूर गायबच होतील. कुणाकडे चांगला स्पीकर असेल तर मागून घ्या.