पिल्जर असता तर पिथमपूर गाजलं असतं?

रामबागकर: काल आपल्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "जॉन पिल्जर गेला आणि शोधपत्रकारिता संपली. तो असता तर पिथमपूर जगभर गाजलं असतं." पिथमपूर म्हणजे आपल्या इंदूरजवळची कारखान्यांची वसाहत, भोपाळच्या युनियन कार्बाइडचा विषारी कचरा तिथेच आणून जाळला. पोहे गार झाले तरी चालतील, उत्तर देतोच.

पिल्जर हा माहितीपट काढणारा पत्रकार, किरकोळ माणूस नव्हता. व्हिएतनाममध्ये अमेरिकी शिपाईच वरिष्ठांना जुमानत नाहीत, हे त्यानं १९७० मध्ये दाखवलं. १९७९ मध्ये कंबोडियाची उपासमार दाखवली, तेव्हा लोकांनी न मागता पैसे पाठवले. पण गडी निकाल खिशात घालूनच चौकशीला जायचा. १९८२ मध्ये थायलंडमधून 'गुलाम मुलगी विकत घेतली' अशी बातमी दिली. मुलगी गुलाम नव्हतीच, सगळा बनाव! म्हातारपणी तर अमेरिका म्हणेल त्याच्या उलट ते खरं, एवढाच हिशेब उरला होता.

आणि आपले भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी? कार्बाइडच्या कारखान्यात मित्र फॉस्जीन या विषारी वायूनं गेला, तेव्हापासून मागे लागले. १९८२ मध्ये 'रपट' या स्वतःच्या चिमुकल्या साप्ताहिकात ओरडून सांगितलं, शहर वाचवा. ना विमान, ना लंडनचं चॅनेल. मग साहेबाची वाट कशाला बघायची?

कीसवाली काकू: अहो, हे तर तुमच्यावरच उलटतंय. केसवानींनी दोन वर्षं आधी सांगितलं, ऐकलं कुणी? डिसेंबर ८४ उजाडला, वायुगळतीनं भोपाळमध्ये हजारो गेले. चॅनेल पाठीशी असलं की ऐकतात, म्हणून तर पिल्जर लागतो. १९९३ मध्ये इंडोनेशियानं बळकावलेल्या पूर्व तिमोरमध्ये लपूनछपून चित्रण करून आला तो. थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेली जी मुलं भरपाईतून वगळली होती, त्यांच्यासाठीही भांडला. एका फसलेल्या बातमीवर माणूस निकालात काढता?

माझा भाचा इथल्याच एका दैनिकात होता. बोअरिंगच्या पाण्याला वास येतो अशी बातमी आणली. साहेब म्हणाले, आधी जाहिरातवाल्यांना विचारून ये. आता तो लग्नांचे व्हिडिओ काढतो. कॅमेरा चांगला चालवतो हो, तेवढंच समाधान.

पाळी सहाची: पिल्जर मला माहीत नाही, पिथमपूर माहीत आहे. रोज जातो. २०२५ च्या जानेवारीत कार्बाइडच्या कचऱ्याचे बारा कंटेनर पहाटे आले, ३३७ टन. रस्त्यावर पोलीसच पोलीस. लोकांनी दुकानं बंद ठेवली, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून घेतलं. आणि इंदूरवाले तेव्हा काय करत होते? इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागर तलावाचं पाणी खराब होईल का, एवढंच विचारत होते. आमच्या मुलांचं कुणी विचारलं नाही.

गणितवाला: भिया, भावना बाजूला ठेवा. चाळीस वर्षं तो कचरा भोपाळमध्ये पावसात भिजत होता तेव्हा चालत होतं? २०१५ मध्ये पिथमपूरलाच १० टन जाळून चाचणी झाली. हायकोर्टाचा आदेश होता, पुन्हा तीन चाचण्या घेतल्या, मग बाकीचा जाळला. मी केमिकल इंजिनिअर आहे, धूर बघून घाबरत नाही.

पाळी सहाची: इंदूरच्या लोकमान्य नगरातून धूर दिसतच नाही, साहेब. घाबरणार कसे? राखेचं काय केलं ते सांगा. जाळलं त्याहून जास्त राख उरली आहे.

गणितवाला: चुना वगैरे घालतात म्हणून वजन वाढतं. शिकलेल्या माणसाला कळतं.

कीसवाली काकू: 'शिकलेल्या' म्हणे! कार्बाइडमध्ये काय अडाणी होते का?

रामबागकर: अहो, विषय पिल्जरचा होता. काकू, दुसरं उदाहरण घ्या. ब्रिटिश फौजेनं ख्मेर रूजला, म्हणजे कंबोडियात लाखोंचा जीव घेणाऱ्या कम्युनिस्ट गटाला, प्रशिक्षण दिलं असं त्याच्या फिल्ममुळे ध्वनित झालं, दोन माजी अधिकाऱ्यांनी खटला भरला, १९९१ मध्ये चॅनेलला पैसे मोजावे लागले.

कीसवाली काकू: आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं कबूल केलं की कंबोडियातल्या बंडखोरांना आम्ही शिकवत होतो. ते सोयीनं गाळलंत?

रामबागकर: ख्मेर रूजला नव्हे, त्यांच्या जोडीदारांना. पण ठीक आहे, गाळलं. त्यानं ओरड केली नसती तर तेवढंही कबूल झालं नसतं, हे तुमचं. घ्या, आज जिलेबी माझ्याकडून.

पाळी सहाची: जिलेबी राहू द्या. काकू, भाच्याचा नंबर खाजगीत पाठवा. रविवारी मला सुट्टी असते.

गणितवाला: मीही येतो. राखेजवळ उभं राहून दाखवतो.

कीसवाली काकू: लांबून उभे राहा. पाठवते.