अश्विनची जागा रणजीतल्या बळींवरून?
'रणजीत जास्त बळी, त्यालाच भारतीय कसोटी संघात ऑफस्पिनर अश्विनच्या जागी घ्या' असं म्हटलं जातं, ते पटत नाही. रणजीत एसजी चेंडू असतो. त्याची शिवण हाताची आणि उठावदार, त्यामुळे पकडही मिळते, उसळीही. ऑस्ट्रेलियात कुकाबुरा चेंडू असतो, त्याची शिवण लवकर बसते. तिथे नुसता आडवा फिरवणारा ऑफस्पिनर निष्प्रभ ठरतो. चेंडूला वरून फिरकी देऊन उसळी काढावी लागते. निवडताना मी आधी हेच बघेन.

२०२४च्या पुणे कसोटीत ऑफस्पिनर वॉशिंग्टन सुंदरने पहिल्या डावात ५९ धावांत ७ बळी घेतले, त्यांतले पाच त्रिफळाचीत! अचूकता निर्विवाद, पण खेळपट्टी फिरकीची होती. डावखुऱ्यांना राउंड द विकेट येऊन बाहेर जाणारा आणि सरळ राहणारा, दोन्ही चेंडू एकाच शैलीत टाकणं ही अश्विनची खरी ताकद. ती मुंबईचा ऑफस्पिनर तनुष कोटियन याच्यात आहे का, हे त्याचे बळी मोजून कळणार नाही.