‘देवाचा प्लॅन’ विचारला नाही म्हणून दिशा मिळत नाही? कालच्या साक्षीला उत्तर

नगरची_लेक
काल इथे एका भावाने साक्ष टाकली, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव लिहिला. वय २४, इंजिनियरिंग झालं, दोन वर्षं पुण्यात नोकरी, कशातच मन लागेना, मग तीन दिवसांचं युवा शिबिर, शेवटच्या रात्री देव बोलला आणि सोमवारी राजीनामा. आता बायबल कॉलेजला जाणार. त्याच्या आनंदावर मला विरजण घालायचं नाही. पण शेवटी त्याने यिर्मया २९:११ (‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ असं देव सांगतो ते वचन) टाकून लिहिलंय की ज्या तरुणांना दिशा सापडत नाही त्यांनी देवाला विचारलेलंच नाही. हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं.

अरे, हे वचन आपल्या प्रत्येक घरात मगवर, कॅलेंडरवर, दृढीकरणाच्या भेटकार्डावर आहे. पण त्याच्या आधीची वचनं कधी वाचलीत का? ते पत्र आहे, बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून पाठवलेलं. दहाव्या वचनात ७० वर्षं सांगितलीत. म्हणजे ऐकणाऱ्यातले बहुतेक मोठे लोक परत जायचा दिवस बघणारच नव्हते! आणि तोपर्यंत करायचं काय, तर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं बघा. आणि खोट्या संदेष्ट्यांचं ऐकू नका, हेही त्याच पत्रात आहे. आपल्याला मात्र हिताचे संकल्प तेवढे लक्षात राहतात.

माझा धाकटा भाऊ आयटीआय वायरमन. २१ वर्षांचा असताना एका शिबिरात पाहुण्या वक्त्याने डोक्यावर हात ठेवून ‘तुला सेवेसाठी निवडलंय’ म्हटलं. याने अप्रेंटिसशिप सोडली. तीन वर्षं एका पाळकामागे स्पीकर उचलत गावोगाव फिरला, पगार नाही, शिक्षण नाही, आणि शेवटी त्यांना माणूस नको झाला तेव्हा घरी परत. त्याला वाटलं आपल्याला देवानेच नाकारलं. वर्षभर उपासनेला आला नाही. हत्यारांची पिशवी पलंगाखाली पडून, टेस्टरला गंज चढलेला. मग एक दिवस शेजारच्या आजींच्या घरातली लाईट गेली, रात्रीची वेळ, दुसरं कोणी येईना, म्हणून हा पिशवी ओढून गेला. अर्ध्या तासात फ्यूज बांधून आला आणि येऊन जेवला. नीट जेवला, कितीतरी महिन्यांनी. आज तो पंचक्रोशीत वायरिंगची कामं घेतो, विधवांकडून मजुरी घेत नाही. माझ्या मते हेच त्याचं पाचारण, देवाचं बोलावणं होतं आणि ते शिबिराच्या आधीपासून त्याच्या हातात होतं.

रानवाट
ती साक्ष माझी आहे. ताई, तुमच्या भावाचं खरंच वाईट वाटलं, पण त्याचा हिशोब माझ्या नावावर का मांडताय? तुम्ही मला ओळखत नाही. दोन वर्षं रात्रपाळी करून पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसायचो आणि वाटायचं बस घाटात कोसळली तरी चालेल. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. देव बोलला म्हणजे कानात आवाज आला नाही, स्तोत्र १३९ वाचत होतो, ‘अधोलोकात अंथरूण केलं तरी तिथे तू आहेस’ इथे आलो आणि रडू फुटलं ते थांबेना. याला तुम्ही वक्त्याने डोक्यावर ठेवलेला हात म्हणणार असाल तर म्हणा.
आणि सगळ्यांनी हातातलंच काम करत बसायचं म्हटलं तर कवी ना. वा. टिळक झाले असते का? १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर, नातीगोती, मान, सगळं सुटलं. ते जपून वागले असते तर आज आपल्या मंडळीत गायला त्यांची भजनं नसती.

मिरजेची_सिस्टर
टिळकांचं नाव घेतलंत म्हणून लिहिते, नाहीतर नुसतं वाचून गेले असते. आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई?? टिळकांना हाक आली, फार छान. त्या बाईला न सांगता बाप्तिस्मा झाला, चारपाच वर्षं पोराला घेऊन नातेवाइकांच्या दारात काढली तिने. तिचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचताना सगळे हसतात, मलाही हसू येतं, पण तो भाग वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागतं. प्रत्येक ‘देवाने मला बोलावलं’ मागे एक घर असतं आणि त्या घराला कोणी विचारत नाही.
मी २६ वर्षं नर्सिंगमध्ये आहे. आमच्या बॅचच्या एका मुलीचा नवरा असाच सेवेला लागला. नाइट करून येऊन ती दोन पोरांचे डबे करायची, हा उपास-प्रार्थनेला. मंडळीत साक्ष द्यायला उभा कोण राहायचा? तो!

रानवाट
पण लक्ष्मीबाई पुढे स्वतः आल्या ना विश्वासात. १९०० साली, स्वतःला पटल्यावर. टिळक गेल्यावर अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन, येशूवरचं महाकाव्य, त्यांनीच पुढे नेलं, ६४ अध्याय लिहिले. म्हणजे टिळकांच्या निर्णयाचं फळ दोघांनाही मिळालं.

मिरजेची_सिस्टर
फळ मिळालं म्हणून आधीचं चूक होतं ते बरोबर ठरत नाही. आणि ते फळ तिच्या कष्टाचं आहे. शाळेची पायरी न चढलेली बाई ६४ अध्याय लिहिते, ते नवऱ्याच्या खात्यावर जमा करू नका.

टिळकभक्त_सातारा
सिस्टर, हे फार एकतर्फी झालं. १८९५ सालचा काळ बघा. बायकोला आधी सांगितलं असतं तर नातेवाइकांनी टिळकांना कोंडून घातलं असतं. दोघांचीही होरपळ झाली, टिळकांनाही तो विरह सुखाचा नव्हता. आणि १९१७ ला त्याच टिळकांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा आपला वेगळा भक्तसंघ काढला. मिशनच्या बंगल्यातलं ख्रिस्तीपण त्यांना नको होतं, देशी मातीतलं हवं होतं. आज आमच्या तरुण संघाला त्यांचं एक भजन चालीवर म्हणता येत नाही, सगळं गिटार आणि इंग्रजी कोरस. दिशा कुठून मिळणार, पेटी-तबला कपाटात आणि किल्ली हरवलेली.

मिरजेची_सिस्टर
पेटीतबल्याचं नंतर बघू. कोंडून घातलं असतं हे मान्य, त्या काळी तसं व्हायचं. बाप्तिस्म्यानंतर तरी पहिली काळजी बायकोची हवी होती, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

विवेकवादी_नाशिक
मी नास्तिक आहे, तरी बोलतो. तुम्ही सगळे एका गोष्टीवरून भांडताय ज्याचं खरं कारण नोकऱ्यांचा दुष्काळ आहे. मी पाच वर्षं पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी केली. प्रिलिम निघायची, मेन्स अडायची. आमच्याकडेही साक्षी असायच्या, निवड झालेला येऊन व्याख्यान द्यायचा, ‘जिद्द असेल तर होतंच’. ज्यांचं झालं नाही त्यांना कोणी माइक देत नाही. म्हणून ताईंच्या भावाची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली, त्यात देव नसता तरी ती तशीच घडली असती.

नगरची_लेक
तशीच घडली नसती हो. तो रात्री त्या आजींकडे गेला कारण लहानपणापासून रविवार शाळेत त्याला शेजाऱ्यावर प्रीती कर हेच शिकवलंय. तुम्हाला देव दिसत नसेल, त्याला दिसतो. पण ज्यांचं झालं नाही त्यांना माइक मिळत नाही, हे अगदी खरं. मला हेच म्हणायचं होतं.

वसईकर
आम्हा कॅथलिकांकडे याची रीत आहे, ती इथे सांगावीशी वाटते. जेज्विट हा धर्मसंघ काढणाऱ्या संत इग्नेशियसला १५२१ ला पाम्पलोनाच्या लढाईत पायाला गोळा लागला, लोयोलाच्या घरी महिनोन्महिने पडून होता, तिथे त्याचं आयुष्य वळलं. पण त्याने घालून दिलेला एक नियम फार थोडे पाळतात: मन उदास, कोरडं असेल तेव्हा आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. घाटात बस कोसळावी असं वाटतंय, ती वेळ राजीनामा लिहायची नाही. रानवाट, मी तुमच्यावर शंका घेत नाही, वेळेबद्दल बोलतोय.
आणि आमच्या वसईचेच संत गोन्सालो गार्सिया घ्या. जपानात जेज्विटांबरोबर काही वर्षं काम केलं, संघात घ्या म्हणून विनवलं, घेतलं नाही. मग त्यांनी व्यापार केला, चांगला केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात गेले, तेही साधे ब्रदर, आणि १५९७ ला नागासाकीला क्रुसावर गेले. आधी नकार, मध्ये व्यापार, असा रस्ता. शिबिराच्या एका रात्रीत ठरलेलं काही नाही.

रानवाट
उदास होतो तेव्हा ठरवलं, हे तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. मला राग आला होता, अजून थोडा आहे. पण पंडिता रमाबाईंचं काय मग? १८८३ ला इंग्लंडमध्ये पंचविशीत बाप्तिस्मा घेतला, कोणाची परवानगी घेतली नाही.

नगरची_लेक
रमाबाईंनी स्वतःच लिहिलंय की ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त कितीतरी वर्षांनी. त्या मधल्या वर्षांत त्या हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं ते त्याच काळात. आतून खात्री पटायच्या आधीच काम सुरू होतं. तू बायबल कॉलेजला जाऊ नकोस असं मी म्हणतच नाहीये. ज्यांना अजून रडू फुटलं नाही, ज्यांना काही ऐकू आलं नाही, त्यांना तू ‘विचारलं नाहीस’ म्हणालास, ते वाक्य तेवढं काढ.

रानवाट
काढलं. बाकीची साक्ष ठेवतोय, त्यातलं एक अक्षर बदलणार नाही.

मिरजेची_सिस्टर
बरं केलंस बाळा. आता एक विचारते, रागवू नकोस. घरी सांगितलंस का?

रानवाट
वडील नाहीत. आई राहुरीकडे असते. तिला वाटतंय मी अजून कामावर जातो, नोटीसचे २१ दिवस राहिलेत. फोनवर तीनदा सांगायला गेलो, ती विचारते जेवलास का, मग मी हो म्हणून ठेवून देतो.
शनिवारी रात्रीची एसटी पकडतो. उपासनेनंतर सांगेन तिला.