मदत हवी आहे : मुंबईत शाळा सुरू, पुण्यात बंद

कोरोनामुळे बंद झालेल्या शाळा २४ जानेवारी २०२२ पासून मुंबईत पुन्हा भरल्या. राज्याने निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला आणि पुण्यात पुन्हा आठवडाभर बंद! हॉटेलं, मॉल चालू, कुलूप फक्त शाळेला. कांदिवलीच्या भाचीचा दप्तर पाठीला लावलेला फोटो आला, तर आमची दुसरीतली लेक रुसूनच बसली. ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद करून खोडरबराचे तुकडे करत असते. जोडाक्षरं लिही म्हटलं की हिचं पोट दुखतं.

कोथरूडकडे कुणी तीन-चार मुलांना घरी बसवून लिहायचा सराव घेतंय का? आम्हा दोघांचीही नोकरी आहे, घरात फोन जेमतेम. आणि हो, शाळेने बसचे पूर्ण पैसे मागितलेत (बस जागची हललेली नाही!). तुम्ही भरलेत का?